टीव्हीचं वर्षाचं बिल: आधी बेरीज करा, मग कात्री लावा

तर झालं असं की सप्टेंबरमध्ये आमची भाची एमएससी करायला ब्रिटनमध्ये लेस्टरला गेली आणि महिनाभरात तिचा घाबराघुबरा व्हिडिओ कॉल, मामी अगं घरी पत्र आलंय, तुमच्या पत्त्यावर टीव्हीचं लायसन्स नाहीये, दंड होऊ शकतो, आणि आमच्याकडे तर टीव्हीच नाहीये! मी म्हटलं टीव्हीला कसलं लायसन्स, गाडी आहे का ती. तर मागून सासरे म्हणाले, आपल्याकडे पण होतं की. उठले, कपाटातून ती एलआयसीची पॉलिसी आणि जुनं रेशनकार्ड ठेवतात ना ती पिशवी काढली आणि त्यातून रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक बाहेर आलं. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीला ५०. पोस्टाचा इन्स्पेक्टर घरी येऊन पुस्तक तपासू शकायचा म्हणे. १९८४-८५ च्या सुमारास ते सगळं बंद झालं, म्हणजे मला ते आठवायचा प्रश्नच नाही.

तिकडे ब्रिटनमध्ये अजून चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं, म्हणजे आपले वीस हजाराच्या आसपास. नवरा म्हणाला एवढे पैसे कोण भरतं टीव्हीला, वेडे आहेत का लोक. आणि मला काय सुचलं माहीत नाही, मी त्याच रात्री आपल्या घरचा हिशोब काढला. १९,१७३ रुपये. ब्रॉडबँड सोडून. म्हणजे लायसन्स फी आपण पण भरतोच आहोत, फक्त एका खिडकीवर न भरता सहा खिडक्यांवर थोडी थोडी भरतो म्हणून कळत नाही. (ते लोक लायसन्सच्या वर नेटफ्लिक्स वेगळं भरतात हे मान्य, पण आकडा बघून मला जे व्हायचं ते झालं.)

आता हे कसं कमी केलं ते सांगते. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याला राहतो, घरात सहा माणसं, दोन टीव्ही, त्यामुळे तुमचं गणित वेगळं येईल पण रीत तीच.

आधी बेरीज

महिन्याचा आकडा बघायचाच नाही. १९९, २९९, ४९९ असे आकडे मुद्दाम असेच ठेवलेले असतात की माणूस म्हणतो जाऊदे, एका पिझ्झाचे पैसे. सगळं बाराने गुणायचं. आणि शोधायचं कुठे तर तीन ठिकाणी, इथेच लोक चुकतात. एक म्हणजे यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट (पैसे आपोआप कापायला आपण दिलेली परवानगी) नावाचा भाग असतो त्यात. दुसरं, क्रेडिट कार्ड, बँकेच्या साइटवर किंवा ॲपमध्ये चालू ई-मँडेटची यादी मिळते. तिसरं, फोनमधलं प्ले स्टोअर किंवा ॲपल आयडी, त्यात सबस्क्रिप्शन्स नावाचं पान असतं आणि तिथे हमखास काहीतरी सापडतं. घरात जेवढे फोन तेवढ्यांदा हे करायचं, नवऱ्याचा फोन सोडायचा नाही.

आमचं निघालेलं असं: डीटीएच हॉलचं ४६५ आणि आतल्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीचं २१० म्हणजे महिना ६७५, वर्षाचे ८,१००. नेटफ्लिक्स ४९९ वालं, वर्षाचे ५,९८८. प्राइम १,४९९. हॉटस्टार १,४९९. मालिकांसाठी घेतलेलं एक ॲप ८९९. आणि शेवटचा दागिना, मुलगा बालवाडीत असताना गोष्टी आणि गाण्यांसाठी घेतलेलं एक ॲप, महिना ९९. मुलगा आता सहावीत आहे. ॲप फोनमधून कधीच काढून टाकलेलं पण पैसे जातच होते, वर्षाला १,१८८. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही हे मला माहीत होतं हो, तरी पण.

तसं पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०२१ च्या ऑक्टोबरपासून, आणि त्या मेसेजमधूनच नको म्हणायची सोय पण असते. मेसेज येत असणार. दिवसाला चाळीस मेसेज येतात त्यात तो पण.

मग आठवडाभर नुसतं बघायचं, कोण काय बघतं

फ्रिजवर एक कागद लावला आणि सगळ्यांना सांगितलं काही बघितलं की लिहायचं, काय आणि कुठे, आणि त्यापुढे एक खूण, लागतं त्याच वेळेला बघितलं की नंतर सवडीने. ही खूण सगळ्यात महत्त्वाची. ब्रिटनचं लायसन्स पण मुळात याच प्रश्नावर उभं आहे, लाइव्ह बघता का नंतर, त्यावर पुढे येते.

आठवड्याने कागद बघितला तर सासूबाई रोज संध्याकाळी सात ते दहा, चार मालिका, दोन चॅनेल्सवर, सगळं लागेल त्या वेळेला, मध्ये जाहिरातीत भाजी निवडणार. नंतर बघा ना ॲपवर म्हटलं तर म्हणाल्या, नंतर बघायला ती काय शिळी पोळी आहे का. सासरे फक्त बातम्या, दिवसभर, आतल्या खोलीत. नवरा क्रिकेट लाइव्ह आणि बाकी सगळं नंतर. मुलांनी टीव्ही असा लावलाच नाही, यूट्यूब आणि नेटफ्लिक्स. मी आठवड्यात एक पिक्चर बघितला, तोही दोन हप्त्यांत.

आणि त्या डीटीएचवर दोनशेच्या वर चॅनेल्स येत होती. कागदावर सात आली. सात!

केबल काढून टाकायची का?

ऑफिसमधली पोरं सांगतात की केबल काढ, सगळं ॲपवर मिळतं. मिळतं, पण विखुरलेलं मिळतं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी बघायचं तर जिओहॉटस्टार, झी मराठीसाठी झी फाइव्ह, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह. घरातल्या एका माणसाच्या मालिका दोन-तीन चॅनेल्सवर असल्या की दोन-तीन ॲप्स आली, शिवाय तो रिमोट, ते प्रोफाइल, तो पासवर्ड परत मागितला की ऑफिसमध्ये फोन. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, घरात रोज लागेल त्या वेळेला मालिका बघणारं माणूस असेल तर केबल किंवा डीटीएच ठेवा, फक्त बारीक करा. असं कोणीच नसेल तर मात्र उद्या काढा, विचार पण करू नका.

बारीक कसं करायचं तर आधी बिल समजून घ्यायचं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या (फोन आणि टीव्ही कंपन्यांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नियमाने बिलाचे दोन भाग असतात. एक नेटवर्कचं भाडं, त्याला एनसीएफ म्हणतात, आणि दुसरं पे चॅनेल्सचे पैसे, वर १८ टक्के जीएसटी. हे भाडं आधी जास्तीत जास्त १३० रुपये होतं, टॅक्स धरून १५३ रुपये ४० पैसे, पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली, आता कंपनीने ठरवायचं. म्हणून फोन करून पहिला प्रश्न हाच विचारायचा, माझ्या बिलात एनसीएफ किती आणि चॅनेल्सचे किती, वेगवेगळं सांगा. मला दोनदा "मॅडम तुमचा पॅक आहे" एवढंच उत्तर मिळालं, तिसऱ्यांदा मी म्हटलं पॅकचं नाव नकोय मला, फोड सांगा, मग मिळाली.

चॅनेलची सुटी किंमत टीव्हीवरच दिसते, गाइड उघडून चॅनेलवर गेलं की किंमत लिहिलेली असते, नसली तर ते चॅनेल फुकट. मराठी बातम्यांची बरीच चॅनेल्स फ्री टू एअर आहेत, त्यासाठी पॅक घ्यायची गरजच नाही. सुटी घ्यायची का बुके, म्हणजे एका ग्रुपच्या चॅनेल्सचा गठ्ठा, तर ज्या ग्रुपची तीनपेक्षा जास्त चॅनेल्स खरंच बघता त्याचाच बुके, नाहीतर सुटी. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल बुकेमध्ये घालता येत नाही असा नियम आहे. आणि एक बघा, एकाच चॅनेलचं साधं आणि एचडी दोन्ही आपल्या बिलात असू शकतात. आमच्याकडे तीन चॅनेल्स अशी दुहेरी होती, सासूबाई साधंच लावायच्या कारण त्यांना तोच नंबर पाठ.

हॉलचं बिल ४६५ वरून २९० वर आलं. सात चॅनेल्स नाही, अकरा ठेवली, कारण घरात लोकशाही आहे.

आतल्या खोलीतला दुसरा बॉक्स बंद केला. सासऱ्यांना फक्त बातम्या हव्या होत्या, बहुतेक सगळी मराठी न्यूज चॅनेल्स यूट्यूबवर लाइव्ह चालू असतात. जुन्या टीव्हीला नेटवरचं दाखवणारी एक स्टिक लावली, तिचे एकदाच पैसे गेले. पहिले चार दिवस ते रिमोटवर रुसलेले, पाचव्या दिवशी त्यांना यूट्यूबवर जुनी नाट्यगीतं सापडली आणि आता बातम्याच कमी झाल्यात.

केबल असेल तर वेगळा सल्ला. नौपाड्यात माझ्या माहेरी केबल आहे, तिथे कस्टमर केअर वगैरे काही नाही, केबलवाला दादा महिन्याच्या पाच तारखेला येतो आणि ठरलेली रक्कम घेऊन जातो. पण पावती मागा आणि चॅनेल्सची यादी लिहून त्याच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. आईने लिहून दिली, पुढच्या महिन्यात कमी झालं. तो चांगला माणूस आहे, फक्त आपण विचारत नाही तोपर्यंत तो कशाला सांगेल.

डीडी फ्री डिश, म्हणजे महिन्याचे शून्य रुपये

याबद्दल कोणी बोलत नाही कारण यात कोणाला कमिशन नाही. दूरदर्शनची डीटीएच, २००४ पासून आहे, छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, नंतर भाडं नाही, रिचार्ज नाही. सह्याद्री येतं, बातम्या येतात, हिंदी पिक्चरची चॅनेल्स येतात, काही खासगी मराठी पण. खासगी चॅनेल्स लिलावात जागा घेतात त्यामुळे यादी बदलत राहते, मोठ्या मालिकांची नवीन एपिसोड्स यावर मिळतील असं समजून घेऊ नका. पण भारताच्या मोठ्या क्रिकेट मॅचेस मिळतात, कारण २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचेसचं सिग्नल प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणारी संस्था) द्यावंच लागतं, आणि सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की ते सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्याच जाळ्यावर दाखवायचं, केबलवाल्यांना फुकट द्यायचं नाही. म्हणून कधीकधी मॅच फ्री डिशवर दिसते आणि केबलवरच्या डीडीवर दुसरंच काहीतरी चालू असतं.

फक्त ठाण्यात एक अडचण. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून छत्री आग्नेयेकडे तोंड करून लागते. घोडबंदर रोडला ज्यांची बाल्कनी येऊरच्या डोंगराकडे आहे (आणि त्या व्ह्यूचे बिल्डरने वेगळे पैसे घेतलेत) त्यांना बाल्कनीत छत्री लावून काहीच मिळणार नाही, पश्चिम झाली ती. मग गच्ची, आणि गच्ची म्हणजे सोसायटी, आणि सोसायटी म्हणजे लेखी अर्ज, कमिटीची मीटिंग आणि वायर डक्टमधून न्यायची का बाहेरून यावर चर्चा. आधी मोबाइलमधलं कंपास उघडून दिशा बघा, समोर टॉवर आहे का बघा, मगच बॉक्स विकत घ्या. आणि जुलैमध्ये धो धो पाऊस लागला की कुठलीही छत्री असो, सिग्नल जातो, फुकटवाली पण आणि पैशेवाली पण.

छत्री जमत नसेल तर प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यात दूरदर्शनची चॅनेल्स लाइव्ह दिसतात.

ओटीटी: सगळी एकदम नकोत, पाळीपाळीने

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचले. नेटफ्लिक्स बारा महिने कशाला लागतं? मुलांना दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या आसपास, असं वर्षातून चार महिने घ्यायचं, बाकी आठ महिने बंद. बंद केलं म्हणून तुमची यादी लगेच पुसली जात नाही, आम्ही परत घेतलं तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं. आणि युक्ती अशी की ज्या दिवशी घ्यायचं त्याच दिवशी कॅन्सल करून टाकायचं, भरलेला महिना संपेपर्यंत चालतंच, पुढचे पैसे कापले जात नाहीत. महिन्याच्या शेवटी आठवणीने करू असं म्हणाल तर नाही होणार, माझा बालगीतांचा अनुभव आहे.

टीव्ही छोटा असेल आणि एकावेळी एकच जण बघत असेल तर १९९ वालं पुरतं. १४९ वालं फक्त मोबाइल नाहीतर टॅबवर चालतं, टीव्हीवर नाही, ते टीव्हीसाठी घेऊन नंतर चिडणारे दोन लोक मला माहीत आहेत. बहिणीच्या घरचा पासवर्ड वापरायचे दिवस जुलै २०२३ मध्येच संपले.

प्राइम ठेवलं, पण पिक्चरसाठी नाही, सामान लवकर येतं म्हणून. जून २०२५ पासून त्यात जाहिराती येतात आणि त्या घालवायचे वेगळे पैसे आहेत. देऊ नका, जाहिरात लागली की पाणी पिऊन या.

हॉटस्टार वर्षाचं सोडलं आणि आयपीएलपुरतं तीन महिन्यांचं घेतलं, मी घेतलं तेव्हा ४९९ होते. दर बदलत असतात, भरायच्या आधी बघून घ्या. आणि त्याच्याही आधी तुमच्या मोबाइल रिचार्जमध्ये किंवा ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये काय काय फुकट आहे ते बघा. फुकट असलं तरी ते आपोआप चालू होत नाही, कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन ॲक्टिव्हेट करावं लागतं, आणि बऱ्याचदा ते फक्त मोबाइलवर चालणारं असतं.

मालिकांचं ॲप बंद. ज्या चॅनेलचे डीटीएचला पैसे देतोय त्याच मालिका परत ॲपवर विकत घेत होतो, कशासाठी तर कधी चुकली तर असावी म्हणून. सासूबाईंची मालिका चुकत नाही हो, त्या मंगळागौरीला पण सात वाजता घरी असतात.

नवीन बेरीज: डीटीएच ३,४८०, नेटफ्लिक्स चार महिने १,९९६, प्राइम १,४९९, हॉटस्टार ४९९. एकूण ७,४७४. वर्षाला ११,६९९ रुपये वाचले आणि घरात कोणाचंही काही बघायचं राहिलं नाही.

मूल ब्रिटनला जाणार असेल तर

हे वेगळं लिहिते कारण ठाण्यातून दर सप्टेंबरला किती पोरं जातात आणि हे पत्र आलं की सगळ्यांची झोप उडते. पत्रात लाल अक्षरं असतात आणि नावाऐवजी घरात राहणारी व्यक्ती असं काहीतरी असतं. घाबरायचं नाही, पण फेकून पण द्यायचं नाही.

लायसन्स टीव्हीच्या खोक्याला नसतं, बघण्याला असतं. कुठलंही चॅनेल लागलेल्या वेळेलाच बघत असाल तर लायसन्स हवं, मग ते टीव्हीवर असो, लॅपटॉपवर असो, फोनवर असो. चॅनेल बीबीसीचं नसलं तरी हवं. भारतातलं चॅनेल नेटवरून लाइव्ह बघितलं तरी हवं! हे भाचीला आणि तिच्या घरातल्या तीन मुलींना कोणालाच माहीत नव्हतं, त्या म्हणत होत्या आम्ही तर फक्त इंडियाची मॅच बघतो. आणि बीबीसीचं आयप्लेअर नावाचं ॲप असेल तर त्यावर जुनं काही बघितलं तरी हवं, २०१६ च्या सप्टेंबरपासून. लायसन्सशिवाय बघताना सापडलं तर दंड १,००० पौंडांपर्यंत.

काय फुकट, तर नेटफ्लिक्सवरचं सवडीने बघायचं सगळं, यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ आणि रेडिओ. रेडिओचं लायसन्स त्यांनी १९७१ मध्येच काढून टाकलं, आपल्या आधी.

राहायचं कसं आहे त्यावर पण आहे. चार जणांनी मिळून एकाच करारावर घर घेतलं असेल तर बहुतेक वेळा एक लायसन्स सगळ्यांना पुरतं. प्रत्येकाचा खोलीचा वेगळा करार असेल किंवा कॉलेजचं हॉस्टेल असेल तर ज्याला लाइव्ह बघायचंय त्याने आपापलं घ्यायचं. आणि काहीच लाइव्ह बघत नसाल तर त्यांच्या साइटवर जाऊन लायसन्सची गरज नाही असं जाहीर करायचं, पाच मिनिटांचं काम आहे, मग पत्रांचा मारा थांबतो. दारात माणूस आला तर कोर्टाचं वॉरंट नसताना त्याला घरात घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण खोटं बोलू नको एवढं मी तिला सांगितलं.

चौघींनी हिशोब केला, डोकी ४४ पौंड होत होते, त्यात त्यांचं दोन आठवड्यांचं वाणसामान येतं. मग ठरवलं नको, लाइव्ह काही बघायचंच नाही, आणि तसं जाहीर करून टाकलं. आता भारताची मॅच असली की ती सकाळीच फॅमिली ग्रुप म्यूट करते आणि मामाला वेगळा मेसेज टाकते, मामा प्लीज स्कोअर टाकू नकोस, मी रात्री हायलाइट्स बघणारे. मागच्या वेळी त्याने स्कोअर नाही टाकला. फटाक्याचं स्टिकर टाकलं.